तीर्थाचा 'पॉइंट' होतो तेव्हा...

सुट्ट्या लागल्या की मध्यमवर्गीय घरांत सहलीचे बेत शिजू लागतात. पुण्या-मुंबईच्या कुटुंबाचा सातारा जिल्ह्याचा बेत साधारणतः दीड दिवसाचा असतो. पाचगणीचे टेबललँड, महाबळेश्वरचे आठ-दहा पॉइंट, वेण्णा तलावातील नौकाविहार, स्ट्रॉबेरी आणि क्रीम, वेळ उरला तर प्रतापगड. भाद्रपदात गेले तर कासच्या फुलांपुढे एक छायाचित्र. सांगली जिल्हा या बेतात बहुधा नसतोच. तो कोल्हापूरला जाताना लागणारा टप्पा. इतके 'करून' झाल्यावर नेमके काय पाहिले, असा प्रश्न घरी परतल्यावर कोणी कोणाला विचारत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे, कारण सह्याद्रीच्या या पट्ट्यात आणखी एक 'महाबळेश्वर' उभारण्याचा घाट शासनाने घातला आहे आणि समाजाला त्यात काही वावगे वाटेनासे झाले आहे.

माल्कम पेठेचा वारसा

महाबळेश्वर हे इंग्रजांनी 'शोधले', असे आजही माहितीपुस्तिकांतून सर्रास छापले जाते. वास्तविक कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान म्हणून क्षेत्र महाबळेश्वराची ख्याती कित्येक शतकांची आहे. यादव राजा सिंघण याचे नाव तेथील मंदिराशी जोडले जाते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६५ मध्ये मातोश्री जिजाबाई आणि वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली, ती याच क्षेत्री. इंग्रजांना या जागेत दिसली ती थंड हवा. गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये सातारच्या प्रतापसिंह महाराजांकडून ही भूमी घेतली आणि बदल्यात वाई भागातील खंडाळा हे गाव दिले. त्याच्या नावाने माल्कम पेठ वसली. पुढे दहाच वर्षांनी, १८३९ मध्ये, त्याच प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडण्यात आले आणि १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. डोंगर आधी गेला, गादी नंतर गेली!

मग नावे पालटली. मढीमहालाचे 'आर्थर्स सीट' झाले, सिंदोळ्याचा 'विल्सन पॉइंट' झाला. ज्या वेण्णा तलावात आज नावा फिरतात तो सातारच्या अप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये बांधविला, हे मात्र तिकीट काढणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

येथे कोणी म्हणेल, नावे बदलून टाका म्हणजे झाले. नामांतराला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु खरा वारसा नावात नाही, नजरेत आहे. कड्याच्या टोकाशी कठडा बांधावा, खुर्ची टाकावी, खालच्या दरीकडे पाहून 'सुंदर' म्हणावे आणि पुढच्या पॉइंटकडे निघावे, ही गोऱ्या साहेबाची रीत होती. दरीत कोण राहते, ओढ्याचे पाणी कोठे जाते, रानाचा देव कोणता, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. तो उन्हाळ्यापुरता पाहुणा होता. साहेब जाऊन पाऊणशे वर्षे लोटली. रीत मात्र राहिली. 'आर्थर्स सीट'ला उद्या पुन्हा मढीमहाल म्हटले आणि त्याच कठड्यापाशी कुरकुऱ्यांची पाकिटे तशीच वाऱ्यावर सोडली, तर काय बदलले?

यात्रा आणि सहल

भारतीय परंपरेत प्रवासाला नियम होते. यात्रेकरू पायी जाई, नदीत उतरण्यापूर्वी तिला नमस्कार करी, देवराईतील वाळकी काटकीसुद्धा उचलत नसे. सह्याद्रीतील देवराया शेकडो वर्षे टिकल्या त्या वनखात्यामुळे नव्हे. देवाचे म्हणून जे राखले ते लोकांनीच राखले. मा. वि. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांच्यासारख्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील देवरायांची शास्त्रीय नोंद घेतली, तेव्हा भोवतालच्या उजाड डोंगरांत हीच राने दुर्मीळ वृक्षांचे अखेरचे आश्रय ठरल्याचे दिसून आले.

अर्थात, परंपरेचे गोडवे गाऊन आजच्या वर्तनाकडे डोळेझाक करणे हा दांभिकपणा होईल. औदुंबरच्या घाटावर किंवा कृष्णाकाठच्या कोणत्याही तीर्थावर पर्वणीच्या दुसऱ्या दिवशी जाऊन पाहावे. निर्माल्य भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या नदीत सोडणारा भाविक आणि दरीत बाटली भिरकावणारा पर्यटक यांत फरक तो काय? नदीला 'माता' म्हणणाऱ्याचा अपराध उलट अधिक मोठा. साहेबाला ती माता वाटत नव्हती.

कासचे उदाहरण

साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरील कासचे पठार जुलै २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. पश्चिम घाटातील निवडक ३९ स्थळांपैकी महाराष्ट्राच्या वाट्याला चार आली: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. त्यांतील पहिली तीन सातारा-सांगलीच्या परिसरातील आहेत. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या १२ दुर्गांना हा मान लाभला, त्यांत प्रतापगड आहे. एका जिल्ह्याला हे भाग्य दोनदा लाभले. भाग्य पेलण्याची तयारी मात्र दिसत नाही.

कासचे पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा. त्यावर मातीचा थर अगदी पातळ. कित्येक ठिकाणी बोटभर. या मातीत पोषणद्रव्ये इतकी अपुरी, की 'दवबिंदू' आणि 'सीतेची आसवं' यांसारख्या वनस्पती कीटक पकडून आपली गरज भागवतात. येथल्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे. टोपली कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी धरून मरते. पुढच्या पिढीचे सारे बियाणे त्या बोटभर मातीत पडलेले असते. छायाचित्रासाठी चार पावले आत शिरणारा पर्यटक फुले तुडवतो, हे सर्वांना दिसते. तो पुढील कित्येक वर्षांचा बहर तुडवतो, हे दिसत नाही.

परिसरातील गावांच्या समित्यांनी वनविभागाच्या साहाय्याने प्रवेशशुल्क, पर्यटकसंख्येवर मर्यादा, आगाऊ नोंदणी असे उपाय केले. ते स्तुत्यच आहेत. परंतु पठाराला मर्यादा घालायची आणि यवतेश्वरापासून पठारापर्यंतच्या रस्त्याकडेला हॉटेलांवर हॉटेले उभी राहू द्यायची, ही कोणती नीती? साताऱ्याच्या पिण्याचे पाणी ज्या कास तलावातून येते, त्याच्या वाटेवरच हे चालले आहे.

नवे महाबळेश्वर कोणासाठी?

या पार्श्वभूमीवर 'नवीन महाबळेश्वर' प्रकल्पाकडे पाहिले पाहिजे. जुन्या महाबळेश्वर-पाचगणीची दुर्दशा पाहून केंद्र शासनाने जानेवारी २००१ मध्ये तो भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला. त्यातून शहाणपण शिकून डोंगराला विसावा द्यायचा, की शेजारी नवा डोंगर शोधायचा? शासनाने दुसरा मार्ग निवडला. २०१९ मध्ये राज्य रस्ते विकास महामंडळाला या प्रकल्पाचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले. २०२४ मध्ये प्रारूप आराखडा पुढे आला, तेव्हा त्यात सातारा, पाटण आणि जावळी तालुक्यांतील २३५ गावे होती. रस्ते बांधणारी संस्था डोंगराचे नियोजन करणार, यातच सारे आले. मधल्या काळात गाडगीळ समितीचा अहवाल २०११ मध्ये आला, कस्तुरीरंगन समितीचा २०१३ मध्ये. पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत सहा मसुदे निघाले. या काळात राज्यात आणि केंद्रात निरनिराळ्या पक्षांची सरकारे येऊन गेली. डोंगराच्या बाबतीत त्यांच्यात फारसा मतभेद दिसला नाही, हे कटू असले तरी सत्य आहे.

प्रकल्पाच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र झटकून टाकण्याजोगा नाही. कोयनेच्या खोऱ्यातील माणसाने राज्यासाठी पुष्कळ सोसले आहे. १०५ टीएमसीचे शिवसागर जलाशय भरले ते त्याच्या शेतावर. त्या विजेवर महाराष्ट्राचे कारखाने चालले आणि धरणग्रस्त मात्र रायगडपासून सोलापूरपर्यंत पांगले. पुढे अभयारण्य आले, २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झाले, २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आला. प्रत्येक वेळी उठला तो डोंगरातलाच माणूस. गावे म्हातारी झाली, तरुण मुंबईच्या माथाडीत आणि गोदीत गेले. अशा माणसाने 'पर्यटन येऊ द्या, पोरे गावात राहतील' असे म्हटले, तर त्याला निसर्गप्रेमाचे प्रवचन ऐकवण्याचा अधिकार शहरवासीयाला नाही.

पण हे पर्यटन त्याच्यासाठी येत आहे काय? जुन्या महाबळेश्वरात काय झाले, हे डोळ्यांपुढे आहे. गावकऱ्याला घराची भिंत वाढवायची तर परवान्यासाठी खेटे, आणि धनिकाचा बंगला मात्र रातोरात उभा. कांदाटी खोऱ्यातील झाडाणी गावाची शेकडो एकर जमीन बाहेरच्यांच्या नावावर झाल्याचे प्रकरण २०२४ मध्ये गाजले. एकदा जमीन गेली, की तिच्या मूळ मालकाच्या मुलाला त्याच जमिनीवरील हॉटेलात पोऱ्याचे काम मिळते. याला रोजगार म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे. याला विकास म्हणू नये.

डोंगराचे देणे सांगलीला

हा प्रश्न पाटण-जावळीपुरता नाही, हे सांगलीकरांना तरी सांगावे लागू नये. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरी चोवीस तासांत ६०० मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळला. त्या रात्री पाटण तालुक्यातील आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या वाड्यांवर डोंगर खचला आणि झोपलेली कुटुंबे गाडली गेली. तेच पाणी पुढे कृष्णेला मिळाले आणि सांगली बुडाली. २००५ आणि २०१९ च्या महापुरांचे व्रण तोवर बुजलेही नव्हते. महापुराची कारणे अनेक आहेत. धरणांतील विसर्ग आहे, नदीपात्रातील अतिक्रमणे आहेत, पुराच्या पट्ट्यातील बांधकामे आहेत. अतिवृष्टी माणसाच्या हातात नाही. परंतु उताराला रस्त्यासाठी छेद द्यावा, झाडोरा काढावा, जमीन काँक्रिटने झाकावी, म्हणजे पाणी मुरण्याऐवजी धावू लागते आणि माती त्याच्याबरोबर निघते, हे समजण्यास कोणताही आयोग नेमावा लागत नाही. जो डोंगर १९६७ च्या भूकंपाने हादरला आणि २०२१ मध्ये खचला, त्याच्याच अंगावर हॉटेलांचे नगर वसवण्याचा विचार सुचतो तरी कसा?

उलट चालीचे उदाहरण

याच सांगली जिल्ह्यात दुसरी वाटही घालून दिलेली आहे. सागरेश्वर अभयारण्य हे एके काळच्या उजाड डोंगरावर माणसांनी उभे केलेले वन. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम ११ चौरस किलोमीटर. पण आज तेथे हरणांचे कळप आहेत आणि पायथ्याशी प्राचीन मंदिरांचा समूह आहे. मुलांना 'निसर्ग' दाखवायचा तर यापरते स्थळ कोणते? गेलेले रान परत आणता येते, हे ज्याने एकदा पाहिले तो मुलगा मोठेपणी रान सहजी तोडणार नाही.

म्हणून सहलीचा बेतच पालटावा. महाबळेश्वर क्षेत्री कृष्णेच्या उगमापाशी आरंभ करावा आणि तिच्याबरोबर खाली उतरावे. वाईचे घाट पाहावेत. तेथे विश्वकोशाचे कार्यालय आहे, हे मुलांना सांगावे. मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा चित्रीकरणाची जागा म्हणून ओळखला जावा, ही शरमेची गोष्ट आहे. तेथील घंटेपाशी उभे राहून १७३९ ची वसईची मोहीम सांगावी. संगम माहुली, सज्जनगडावरील समर्थांची समाधी, कराडचा प्रीतिसंगम, औदुंबर, सांगलीचे गणपती मंदिर आणि शेवटी हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम. मुक्काम गावकऱ्याच्या घरी करावा, जेवण त्याच्या चुलीवरचे घ्यावे, पैसा त्याच्या हाती द्यावा. कचरा परत घरी आणावा. कासला जायचे तर नोंदणी करून, आखल्या वाटेनेच. आणि विकास आराखड्यावर हरकती मागवल्या जातात तेव्हा शाखा, मंडळे, गृहनिर्माण संस्था यांनी त्या लेखी नोंदवाव्यात. उत्सवाच्या वर्गणीइतकीच ती निकडीची सेवा आहे.

२०२८ मध्ये गुरू कन्या राशीत प्रवेश करील आणि कृष्णाकाठी कन्यागत पर्व येईल. बारा वर्षांनी गंगा कृष्णेच्या भेटीला येते, अशी श्रद्धा आहे. लक्षावधी भाविक स्नानाला उतरतील. तोवर उगमाचा डोंगर ढासळलेला आणि पात्र मैल्याने भरलेले असेल, तर पाहुणीला कोठे बसवायचे, याचे उत्तर दीड दिवसाच्या पर्यटकाने, आराखडे आखणाऱ्या शासनाने आणि मौन पाळणाऱ्या समाजाने मिळून द्यावयाचे आहे.