वाढलेल्या ताटावरची तुलना

स्वदेशी संगणक प्रणालीची बातमी आली की तिच्याखाली दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. ‘परकीयांची मक्तेदारी संपली’ ही पहिली आणि ‘लिनक्स बसवणे हे सामान्य माणसाचे काम नव्हे’ ही दुसरी. पहिलीतला भाबडेपणा चटकन दिसतो. माझा आक्षेप दुसरीला आहे. ती अनुभवाचा आव आणते, पण तसे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी विंडोजही कधी स्वतः बसवलेले नसते.

ते कारखान्यातूनच बसून येते, नाहीतर इथल्या बेंगळुरूच्या एस. पी. रोडवरचा दुकानदार ते बसवून देतो. वाढलेल्या ताटावर बसणाऱ्याने चूल पेटवणाऱ्याला ‘तुझा स्वयंपाक फार कटकटीचा’ म्हणावे, तशी ही तुलना आहे. तुलना करायचीच तर दोघांनाही कोरी डिस्क द्यावी. विंडोज 11 ची होम आवृत्ती बसवताना सर्वसाधारणपणे इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते. वाय-फायचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर नसेल तर गाडी तिथेच अडते. उबुंटू किंवा फेडोरा पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतात की नाही हे डिस्कला हात न लावता कळते.

लिनक्सची बाजू निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. अनेक वाय-फाय कार्डांना लागणारे अमुक्त फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये येण्यासाठी जून 2023 मधली बारावी आवृत्ती उजाडावी लागली. तोवर तत्त्वनिष्ठेची किंमत नवख्याने मोजली. विंडोजशेजारी लिनक्स बसवताना डिस्कचे भाग पाडावे लागतात, आणि तिथली एक चूक आजही वर्षभराचा डेटा पुसू शकते.

परंतु प्रयोगशाळेत खरी अडचण या अर्ध्या-पाऊण तासाची नसते. 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चे नियमित पाठबळ संपले. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 आणि मान्यताप्राप्त प्रोसेसर लागतो, त्यामुळे धडधाकट संगणक एका तारखेला ‘कालबाह्य’ ठरले. आमच्याकडच्या अशा एका जुन्या संगणकावर मी डेबियन बसवले. तो आज विनातक्रार आकडेमोड करतो. त्याच्या शेजारच्या संगणकाला मात्र हात लावता आला नाही. त्याला जोडलेल्या उपकरणाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालते, आणि खरेदीच्या वेळी त्याबद्दल कोणी विचारले नव्हते.

म्हणजे प्रणाली बसवणे सोपे की अवघड, याचा निकाल पुष्कळदा निविदेच्या कागदावर आधीच लागलेला असतो. सी-डॅकची डेबियनवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली 2007 पासून आहे. ती मराठीतही वापरता येते. आपल्यापैकी किती जणांनी ती वापरलेली पाहिली आहे? 2023 मध्ये संरक्षण मंत्रालयाच्या ‘माया’ची बातमी आली, तीही उबुंटूवर आधारलेली. केरळच्या शाळांमध्येही उबुंटूवरच बेतलेली प्रणाली वर्षानुवर्षे चालते आहे. तिथे शिक्षकांना प्रशिक्षण दिले गेले आणि माहिती तंत्रज्ञानाची पाठ्यपुस्तके मुक्त सॉफ्टवेअर धरून लिहिली गेली. मूळ प्रणाली तीच असताना फरक पडला तो या कामामुळे.

म्हणून सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक खरेदीत दोन अटी असाव्यात असा माझा आग्रह आहे. संगणक लिनक्सवर चालवून दाखवल्याशिवाय स्वीकारू नये. आणि उपकरण घेताना त्याचे नियंत्रक सॉफ्टवेअर लिनक्सवर चालावे, निदान त्याच्याशी संवाद साधण्याचे आदेश तरी लेखी मिळावेत. पुरवठादार कुरकुर करतील. मला एकाने ‘वॉरंटी जाईल’ असे बजावले होते. लेखी मागताच तो विषय संपला. खरेदी समितीवर बसणाऱ्या सहकाऱ्यांनी पुढच्या बैठकीत एवढे विचारावे. नव्या स्वदेशी प्रणालीचे स्वागत त्यानंतरही करता येईल.