बियाण्याच्या पाकिटावर असतं, लॅपटॉपच्या खोक्यावर का नाही?

"लिनक्स लॅपटॉपवर धड चालत नाही भाऊ, विंडोजच टाक." अमरावती असो की अकोला, दुरुस्तीच्या दुकानात हा सल्ला फुकट मिळतो. मला त्याचा राग येतो, कारण त्यात चोर सोडून संन्याशाला धरलंय.

वायफाय लागत नाही, ही सगळ्यात जुनी तक्रार. ते लागत नाही कारण चिपशी बोलायचं कसं, हे चिप बनवणारा सांगत नाही. ब्रॉडकॉमच्या जुन्या चिपांसाठी लोकांनी कंपनीचाच ड्रायव्हर उसवून, त्यावरून स्वतःचा लिहिला. कंपनीने खुला ड्रायव्हर दिला २०१० मध्ये, तोही नव्या चिपांपुरता. बंदिस्त फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच द्यायचं, हे डेबियनच्या सोवळ्या मंडळींनी ठरवायला २०२२ उजाडलं. तोवर वायफायचं फर्मवेअर उतरवायला आधी वायफाय हवं! (यावर उपाय तुमच्या हातातच आहे. फोन केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला तो साध्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. एवढं सांगणारं कुणी नव्हतं म्हणून किती पोट्टे विंडोजकडे परत गेले असतील.)

अकोल्यात कृषी विद्यापीठ आहे, महाबीजचं मुख्यालय आहे. १९६६ च्या बियाणे कायद्याप्रमाणे अधिसूचित वाणाच्या पाकिटावर उगवणशक्ती आणि शुद्धता छापावीच लागते. वऱ्हाडातला शेतकरी पाकीट उलटंपालटं करून ते वाचतो. त्याच्या पोराला घेतलेल्या चाळीस हजारांच्या लॅपटॉपच्या खोक्यावर मात्र रॅम असते, प्रोसेसर असतो, आणि वायफायपुढे नुसतं '८०२.११एसी'. बियाणं कुठलं विचारलं तर 'कपाशी' म्हणावं, तसं हे. वर एकाच मॉडेलच्या नावाखाली कधी इंटेलचं कार्ड निघतं, कधी रिअलटेकचं. मित्राचं चाललं म्हणून तुमचं चालेल याचा भरवसा नाही.

तसंच एसएसडीचं. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या बऱ्याच लॅपटॉपवर इन्स्टॉलरला डिस्क दिसतच नाही, कारण बायोसमध्ये व्हीएमडी चालू असतं. ते बंद केलं की डिस्क दिसते, पण तयारी न करता बंद केलं तर आधीची विंडोज सुरू होत नाही. विकणारा याबद्दल अवाक्षर काढत नाही.

लिनक्सवाल्यांनाही मी सोडणार नाही. २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं, त्याचे मीम आपण अजून फिरवतो. ड्रायव्हरचे कर्नल मॉड्यूल खुले व्हायला त्यानंतर दहा वर्षं गेली. नवख्याला "टर्मिनल शिक" म्हणून हसणं सोपं असतं.

आणि हे सगळं आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलची साधारण आठवी पिढी लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा सेकंडहँड लॅपटॉप वापरणाऱ्याला दुकानात सांगतात, नवा घ्या. खरं तर जुन्याच यंत्रांवर लिनक्स सहसा बिनबोभाट चालतं. त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये येऊन वर्षं झालीत.

तरी नवा घ्यायचाच असेल, तर लाइव्ह पेनड्राइव्ह घेऊन जा. डेमोच्या लॅपटॉपवर तो चालवा आणि 'एलएसपीसीआय -एनएन' टाइप करा. वायफायच्या ओळीत १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल. (हो, अभ्यासक्रमात छळणारा तोच ८०८६.) मग दुकानदाराला म्हणा, मला मिळणाऱ्या खोक्यातही हीच चिप आहे, असं बिलावर लिहून द्या.