फौजी छत्तिशीत ‘माजी’ होतो, मग घराचं काय?

समजा, जळगावच्या पिंप्राळ्यातला एक मुलगा एकोणिसाव्या वर्षी फौजेत शिपाई म्हणून भरती झाला. 17 वर्षांनी तो परत येतो तेव्हा छत्तीस वर्षांचा असतो. मुलं शाळेत, आई-वडील थकलेले आणि छावणीतलं सरकारी क्वार्टर सोडावं लागलेलं. बरोबरीच्यांची नोकरी नुकती कुठे स्थिरावत असते, आणि हा मात्र ‘माजी सैनिक’ झालेला असतो. देशभरात दरवर्षी साधारण 60 हजार जण असे सैन्यदलांतून बाहेर पडतात. त्यांत बहुसंख्य जवानच असतात.

घराला पैसा कुठून येतो?

जवानाला 15 वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते. शिवाय पेन्शनचा निम्म्यापर्यंतचा हिस्सा एकरकमी उचलता येतो. यालाच ‘कम्युटेशन’ म्हणतात. प्लॉट घ्यायला किंवा घर बांधायला अनेकांना हाच पैसा हाताशी दिसतो. मेख अशी की पुढची 15 वर्षं तेवढी पेन्शन कापून येते. म्हणजे छत्तिशीत घर बांधणाऱ्याला पूर्ण पेन्शन पन्नाशी उलटल्यावरच दिसते, आणि मुलांच्या शिक्षणाचा खर्च नेमका याच काळात असतो.

म्हणून दुसरी नोकरी लागतेच. राज्य सरकारी भरतीत माजी सैनिकांना 15 टक्के समांतर आरक्षण आहे, पण परीक्षा द्यावीच लागते. पुण्याचं माजी सैनिक महामंडळ, म्हणजे ‘मेस्को’, सुरक्षा रक्षकाची कामं मिळवून देतं. काम इमानाचं आहे, पण काल दहा जणांची तुकडी सांभाळणाऱ्याला आज गेटवरच्या रजिस्टरमध्ये गाड्यांचे नंबर लिहिताना काय वाटत असेल, हे कुठल्याच योजनेच्या कागदावर येत नाही.

घरासाठी सवलती आहेत. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिक आणि त्यांच्या अवलंबितांसाठी 5 टक्के घरं राखीव असतात. 1978 पासून काम करणारी ‘आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशन’ ना नफा ना तोटा तत्त्वावर घरं बांधते. पण अशी घरं बहुतेक मोठ्या शहरांत. आई-वडिलांजवळ पिंप्राळ्यात राहायचंय, त्याला पुण्याच्या फ्लॅटचा काय उपयोग?

त्यापेक्षा 2020 चा राज्य सरकारचा निर्णय जास्त कामाचा. ‘बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजने’त एका मालमत्तेवरचा कर माफ होतो. पिंप्राळा जळगाव महापालिकेच्या हद्दीत असल्याने अर्ज तिथेच करायचा. सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो.

खरा पेच या दाखल्याचाच आहे. जून 2022 मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी जास्तीत जास्त 25 टक्के अग्निवीर कायम होणार आहेत. बाकीच्यांच्या हातात सुमारे 11.71 लाखांचा ‘सेवा निधी’ पडेल, त्यातही निम्मी मूळ रक्कम त्यांच्याच पगारातून कापलेली. पेन्शन नाही, त्यामुळे कम्युटेशनही नाही. निमलष्करी दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, पण योजना आणताना केंद्राने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा दिलेला नाही. पहिल्या तुकड्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीपासून संपू लागतात. त्यातला एखादा पिंप्राळ्यात परतला आणि घरपट्टीच्या माफीसाठी महापालिकेत गेला, तर खिडकीवरचा कारकून त्याच्याकडे जो दाखला मागेल, तो सध्याच्या नियमांत त्याला मिळतच नाही.