औषधाची कृती सरकारी, किंमत कंपनीची

एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिव्हिर हा शब्द मेहकर-लोणारकडच्या वस्त्यांमध्येही पोरासोरांच्या तोंडी होता. दवाखान्यात चिठ्ठी हातात पडायची आणि नातेवाईक अकोला, जालना, औरंगाबाद असे फिरायचे. कुणी डोरलं मोडलं, कुणी व्याजाने पैसे काढले. त्याच्या पाच महिने आधीच, नोव्हेंबर २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने दाखल रुग्णांना हे औषध देऊ नये अशी शिफारस केली होती. मोठ्या चाचणीत त्याने मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नव्हतं. ही गोष्ट आमच्या वस्तीत कुणी आणली नाही. भाव मात्र बरोबर पोहोचला. एका कंपनीची कुपी २८०० रुपयांची, दुसरीची ५४००. त्याच एप्रिलमध्ये केंद्र सरकारने लक्ष घातल्यावर २८०० वाली ८९९ वर आली. मग आधीचे १९०० रुपये कशाचे होते?

संशोधन महाग असतं, हे उत्तर ठरलेलं आहे. असतं, मान्य. हजारो रेणू तपासावे लागतात, मग प्राणी, मग माणसांवर तीन टप्पे. पण फॅविपिराविरचं बघा. मूळ गोळी जपानची, फ्लूसाठी बनवलेली. २०२० मध्ये ती स्वस्तात तयार करण्याची पद्धत हैदराबादच्या सरकारी रसायन संस्थेने, म्हणजे जनतेच्या पैशाने, विकसित केली आणि सिप्लाला दिली. गोळी बाजारात आली ६८ रुपयांना. पहिल्या दिवशी १८ गोळ्या, नंतर रोज ८. चौदा दिवसांचा हिशोब आठ हजारांच्या वर जातो. एवढं करून पुढच्या चाचण्यांत घरी उपचार घेणाऱ्यांना तिचा ठोस फायदा दिसलाच नाही.

यात जातवर्गाचा प्रश्न कुठे आला, असं काही मित्र विचारतात. श्वसनमार्गाचे असे विषाणू पहिल्या चार-पाच दिवसांतच भराभर वाढतात. विषाणूरोधक औषध तेव्हाच पोटात गेलं तर उपयोग. नंतर खेळ बहुतांशी शरीराच्याच दाहाचा असतो. रोजंदारी बुडू नये म्हणून शेतमजूर बाई ताप अंगावर काढते आणि आठव्या दिवशी दवाखाना गाठते. तोवर कितीही भारी रेणू शोधा, तिच्यासाठी वेळ गेलेली असते. म्हणून नवं औषध उपकेंद्रात आशाताईंच्या हाती देता येईल अशी स्वस्त गोळी असावं, शहरातल्या आयसीयूचं इंजेक्शन नव्हे. काय शोधायचं, हे बाजाराने ठरवलं तर आपली गरज यादीत शेवटी राहणार.

बाबासाहेबांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पायाभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे घटनेतच लिहा असं मांडलं होतं. औषध पायाभूत नाही तर काय आहे? पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पेनिसिलिनसाठी. तो कारखाना आजारी पडू दिला आणि २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जादा जमीन विकण्याचा निर्णय घेतला. त्यावर आपल्या चळवळीत किती मोर्चे निघाले?

सरकारी प्रयोगशाळेतली पद्धत कंपनीला देताना किमतीची अट करारात हवी. चाचण्यांचे निकाल मराठीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हवेत. आणि आपली पोरं बीएस्सी केमिस्ट्री करून थेट भरतीच्या क्लासला जातात, त्यांना संशोधनाकडे वळवायचं तर फेलोशिप वेळेवर हवी, उपोषणाला बसल्यावर नव्हे. यंदाच्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक दिवस या विषयाला द्यावा, आणि रसायनशास्त्र शिकलेला आपल्यातलाच कुणी बोलायला बोलवावा, असं आम्ही जिल्ह्यातल्या मंडळांना सुचवतो आहोत.