हातच्या दागिन्यांचा हिशेब

२०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला लाख रुपयांचा आकडा ओलांडला आणि मध्यमवर्गीय घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले: लग्नापुरते खरे, बाकी सगळे हौसेचे. हे हौसेचे म्हणजे काय ते पाहायचे असेल तर गौरी-गणपतीच्या आधी किंवा दिवाळीच्या तोंडावर एखाद्या मंगल कार्यालयात भरलेल्या प्रदर्शनात फेरी मारावी. खणाच्या कापडाच्या ठुशा, पैठणीच्या काठाचे कानातले, भाजलेल्या मातीचे मणी, रेशमी दोरा गुंडाळलेल्या बांगड्या, कागदाच्या पट्ट्या वळून केलेले झुमके, जुन्या जीनपँटचे खिसे जोडून शिवलेली, भिंतीवर टांगायची कप्प्यांची पिशवी. टेबलामागे बसलेली बाई बहुधा पस्तीस ते पंचावन्नच्या मधली. आपण कौतुक केले की ती संकोचून म्हणते, "काही नाही हो ताई, टाकाऊतून टिकाऊ!"

त्या ‘काही नाही’ची किंमत किती, हा प्रश्न मला बँकेतल्या नोकरीपासून छळतो आहे.

सोन्यापासून लोकांना दूर ठेवण्याचा प्रयत्न सरकारनेही एकदा केला होता. १९६३ साली मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आले आणि चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. सोनारांची घरे बसली, सोन्याचा सोस मात्र तसाच राहिला. पुढे १९६८ चा कायदा झाला, तोही १९९० मध्ये रद्द झाला. जे कायद्याला जमले नाही ते आता भावाने थोडेफार करून दाखवले आहे. बाई सोने सोडत नाही. ते कपाटात किंवा लॉकरात ठेवते आणि अंगावर दुसरे काही घालते. गळ्यातली साखळी ओढून नेणाऱ्या मोटारसायकलवाल्यांनीही या बदलाला हातभार लावला आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे. करणाऱ्या हातांची तर वाणच नाही. मग त्या हातांत पैसा का दिसत नाही?

एक हिशेब मांडून पाहू. आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, ज्या बायका हे काम करतात त्यांनी आपापले घालून पाहावेत. समजा, खणाच्या कापडाचा एक हार. कापडाचा तुकडा, आतला पुठ्ठा, मणी, गोंडा, दोरा, आकडी, गोंद आणि वर द्यायची डबी मिळून साठ रुपये. कापणे, चिकटवणे, ओवणे, कडा साफ करणे याला अडीच तास. विक्री अडीचशे रुपयांना. साठाचे अडीचशे झाले म्हणून घरात कौतुक होते, आणि हिशेब बहुतेक ठिकाणी इथेच थांबतो.

पुढे नेऊ. तिने पन्नास हार केले, दोन दिवसांच्या प्रदर्शनात चाळीस खपले. हाती आले दहा हजार. पन्नास हारांचे सामान तीन हजारांचे. टेबलाचे भाडे तीन हजार. रिक्षा, चहापाणी, पिशव्या यांचे सहाशे. उरले तीन हजार चारशे. आता तास मोजा. पन्नास हारांचे सव्वाशे, प्रदर्शनात बसण्याचे वीस, एकूण एकशे पंचेचाळीस. तासाला साडेतेवीस रुपयेही पुरते पडले नाहीत. आठ तासांचा दिवस धरला तर एकशे अठ्ठ्याऐंशीच्या आतबाहेर. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीवर माती वाहण्याचा दर दिवसाला २९७ रुपये होता. शिवाय त्या दहा न खपलेल्या हारांचे काय? ते नणंदांना, भाच्यांना, वाढदिवसाला.

हा हिशेब मी ओळखीतल्या दोघी-तिघींना करून दाखवला तेव्हा त्यांनी माझ्याकडे जरा रागानेच पाहिले. घरी बसून वेळ जातो, चार माणसे ओळखतात, स्वतःचे दोन पैसे सुटतात, याला काही किंमत नाही का, असे त्यांचे म्हणणे. आहे, निश्चित आहे. पण ती किंमत वेगळ्या रकान्यात लिहावी. मनाचे समाधान मजुरीच्या रकान्यात जमा केले की मजुरी कायमची कमी राहते, आणि जिला समाधान नको, फक्त मजुरी हवी आहे, तिचाही भाव पडतो. चाळीतली जी बाई या पैशांवर मुलाची फी भरते, तिला शेजारच्या टेबलावरच्या हौशी बाईशी स्पर्धा करावी लागते. हौशी बाईचा नवरा कमावता आहे, ती दीडशेला विकूनही आनंदी असते.

आता बँकेतली बाजू. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे बचत गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला. त्याचे पुढे केवढे मोठे झाड झाले ते आपण पाहिले आहे. दहा ते वीस बायकांचा गट, दरमहा ठरलेली बचत, आपसात कर्ज, मग बँकेचे कर्ज, तारण काही नाही. ग्रामीण शाखेत काम करताना मी या गटांची वसुली पाहिली आहे. शाखाधिकाऱ्याला शांत झोप लागावी अशी ती असे. पण पैसे जात कशाला? दवाखान्याला, बियाण्याला, मुलीच्या वह्यापुस्तकांना, सावकाराचे देणे मिटवायला. हे अत्यंत मोलाचे काम होते. आमच्या फॉर्मवर मात्र ‘व्यवसाय’ असा एक रकाना असे आणि त्यात काहीतरी भरावेच लागे. मग आधी पापड-लोणची, नंतर मेणबत्त्या-उदबत्त्या, आणि पुढे ‘कृत्रिम दागिने व शोभेच्या वस्तू’.

दागिन्यांचे प्रशिक्षण सगळ्यांनाच सोयीचे. चार-पाच दिवसांत आटोपते, सामान स्वस्त, यंत्र लागत नाही, शेवटच्या दिवशी टेबलावर वस्तू मांडून छायाचित्र छान येते. एकाच गावात ओळीने तीन गटांना तेच शिकवलेले मी पाहिले आहे. अशाच एका समारोपात मागे बसलेल्या बाईने मला हळूच विचारले होते, "मॅडम, सगळ्यांनीच बांगड्या केल्या तर घालायच्या कुणी?" अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला बरेच लांबलचक नाव आहे. जे चार दिवसांत कुणालाही शिकता येते त्याला भाव मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘टाकाऊ’ हा शब्दही तपासून घ्यायला हवा. आपल्या घरात टाकाऊ असे फारसे काही नव्हतेच. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली की पोतेरे. रॉकेलचा डबा कापून, झाळून पत्र्याचे डबे होत, डालड्याच्या डब्यात एक तर डाळ नाही तर तुळस. जरीचे लुगडे चांदीसाठी विकले जाई आणि उरलेल्या कपड्यांवर बोहारणीची नजर असे. ती दारात बसून एका पातेल्यासाठी तासभर घासाघीस करी, कारण त्या कपड्यांना पुढे बाजार होता. तो आजही आहे. शिंप्याकडच्या चिंध्या किलोवर विकल्या जातात, आणि हरियाणातले पानिपत देशोदेशीचे जुने कपडे पिंजून, पुन्हा सूत काढून ब्लँकेटे विणते. रद्दी-बाटल्या वेचणाऱ्या बायकांची पुण्यात १९९३ साली बाबा आढावांच्या पुढाकाराने ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, तीच मुळी या कचऱ्यावर आपला हक्क आणि त्यात आपली मजुरी आहे हे सांगण्यासाठी. तेव्हा प्रदर्शनातली ताई ज्याला फुकटचा तुकडा म्हणते, त्याला कुठेतरी वजनकाटा लागलेला असतोच.

दुसऱ्या टोकाला वेगळीच गंमत दिसते. टाकाऊपासून वस्तू करायच्या म्हणून चकाकी, ॲक्रिलिक रंग, गरम गोंदाची बंदूक, प्लॅस्टिकचे मोती असे हजाराचे सामान नवे कोरे आणले जाते आणि रिकाम्या बाटलीवर चढवले जाते. ती बाटली आधी भंगारवाल्याने तरी नेली असती. आता तिच्यावर इतके काही चिकटले आहे की तोही नेत नाही.

हाताने केलेले म्हणजे निर्धोक, हाही एक भाबडा समज. स्वस्त धातूच्या आकड्यांत निकेल असेल तर कित्येकींच्या कानाच्या पाळ्या चिघळतात. जुन्या रेडिओ-संगणकांच्या सुट्या भागांची कर्णफुले दिसतात मोठी झोकदार, पण त्यावरच्या डाखात शिसे असू शकते आणि लहान मूल हाताला येईल ते तोंडात घालते. वर्तमानपत्राच्या पिशव्या करून कितीतरी घरांनी आजवर मीठभाकरी खाल्ली. पण छपाईची शाई पोटात जाते म्हणून खाद्यपदार्थ अशा कागदात बांधू नयेत, असे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावले. ते योग्यच. त्या पिशव्या करणाऱ्या हातांना दुसरे काम कोण देणार, याचा विचार मात्र त्यासोबत झाला नाही. २०१८ च्या प्लॅस्टिकबंदीनंतर कापडी पिशव्यांची मोठी आशा होती. तीही कापडासारख्या दिसणाऱ्या, पण खरे तर पॉलिप्रॉपिलीनच्याच असलेल्या पिशव्यांनी बरीचशी खाऊन टाकली.

मग कुठे जमते? माझ्या पाहण्यात एक उदाहरण आहे, आणि तेही अस्सल आपले: हलव्याचे दागिने. सामानाच्या दृष्टीने याहून स्वस्त दागिना जगात नसेल. तीळ, खसखस किंवा साबुदाणा, साखरेचा पाक, पुठ्ठा, दोरा आणि थोडी सोनेरी जर. सुनेच्या पहिल्या संक्रांतीला आणि बाळाच्या बोरन्हाणाला ते लागतात. मुकुट, बिंदी, कर्णफुले, हार, बाजूबंद, कमरपट्टा, जावयाला हलव्याचा नारळ, बाळाला बासरी. एकदा घालून झाले की संपले. पण त्यासाठी माणसे आनंदाने पैसे मोजतात, आधी नाव नोंदवतात आणि वेळेवर मिळाले की आभारही मानतात.

असे का, तर मुख्य कारण म्हणजे ते चार दिवसांत येत नाही. मंद आचेवर परात ठेवून थेंबथेंब पाक सोडत बोटांनी दाणे फिरवत राहायचे. आच वाढली तर साखर पिवळी पडते, पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात. काटा उमलायला थंडी लागते आणि धीर लागतो, आणि बोटांना चटके बसतात ते वेगळेच. कित्येक घरांत हे सासूकडून सुनेकडे आले आहे. दुसरे, त्याला दिवस ठरलेला आहे. चौदा किंवा पंधरा जानेवारीला जे हवे ते वीस तारखेला फुकट दिले तरी नको. ठरलेल्या दिवसाच्या वस्तूला घासाघीस कमी होते. आणि तिसरे म्हणजे गिऱ्हाईक आता दूरवर पसरले आहे. न्यू जर्सीतल्या नातवाचे बोरन्हाण पुण्या-ठाण्यातली आजी लक्षात ठेवते आणि नोव्हेंबरातच पार्सल रवाना होते. दमट हवेत हलवा पाघळतो, मुंग्या लागतात, म्हणून बांधणी करणे हीसुद्धा एक वेगळी कला झाली आहे. आता प्लॅस्टिकच्या पांढऱ्या मण्यांचे तयार संचही बाजारात आले आहेत, तेव्हा हाही किल्ला अभेद्य नाही. पण अजून टिकून आहे.

दुसरा रस्ता लिज्जतचा. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड सुरू केले, ही गोष्ट आपण इतक्यांदा सांगतो की तिच्यातला मुद्दा निसटतो. मुद्दा त्या ऐंशी रुपयांत नाही. पीठ केंद्रावर एकसारखे मळले जाते, बाई घरी फक्त लाटते, पापड वजन करून घेतले जातात आणि तिची मजुरी तिला मिळते. नाव, खोके, जाहिरात, उधारी, सगळे संस्थेच्या डोक्यावर. आमच्या दागिनेवाल्या ताईकडून मात्र अपेक्षा अशी की तिनेच मणी निवडावेत, नमुना काढावा, ओवावे, छायाचित्र काढून मोबाइलवर टाकावे, भाव ठरवावा, पार्सल बांधावे आणि पैसे न देणाऱ्या मैत्रिणीला तगादाही तिनेच लावावा. भुलेश्वरला किंवा पुण्याच्या रविवार पेठेत ती एकटी पाव किलो मणी घ्यायला जाते तेव्हा किरकोळ भाव देते. वीस जणींनी मिळून घेतले तर घाऊक भाव मिळेल. साधी गोष्ट आहे, पण नमुने चोरीला जातील या भीतीने वीस जणी एकत्र येत नाहीत. भीती अगदीच खोटी नाही. एकीचा झुमका दिवाळीत गाजला की संक्रांतीपर्यंत तो सहा टेबलांवर असतो.

कर्जाच्या बाबतीत एवढे तरी करता येण्याजोगे आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेतले ‘शिशु’ कर्ज पन्नास हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या विश्वकर्मा योजनेत सोनार, शिंपी, बाहुल्या करणारे, टोपल्या विणणारे, हार गुंफणारे असे अठरा व्यवसाय आहेत आणि पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख मिळू शकतात. हलव्याचे दागिने करणारी यांतली कोण? ती साखरेचे घडवते म्हणून सोनार नव्हे, दोऱ्यात ओवते तरी हारवाली नव्हे. आणि मुद्रातून कर्ज काढले तरी हप्ता दरमहाचा. तिचा पैसा मात्र सबंध वर्षात डिसेंबर-जानेवारीतच येतो, जसा खणवालीचा गणपती ते दिवाळी. शेतकऱ्याच्या पीककर्जाची परतफेड सुगीनंतर ठेवायची, हे बँकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. उसाला वेगळी मुदत, भाताला वेगळी. तोच नियम हलव्याला आणि खणाला लावायला नवा कायदा लागत नाही, शाखेतल्या अधिकाऱ्याने फॉर्म भरताना एवढेच विचारायचे असते की बाई, तुमचा हंगाम कोणता.