‘संत तुकाराम’ बोलपटांतील जिजाई

चित्रपट म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणाऱ्या मौद्याच्या पालकवर्गानें प्रभातचा ‘संत तुकाराम’ एकदां अवश्य पाहावा, अशी आमची विनंती आहे. दामले-फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेल्या या १९३६ सालच्या बोलपटाचा १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम अजोड खराच. परंतु आमच्या मतें या चित्राचा प्राण गौरी यांची जिजाई होय. पति भजनांत रमला, तरी मुलांच्या पोटाची चिंता तिलाच! तिच्या संतापासही येथें न्याय मिळाला आहे. पति वैकुंठास निघाला असतां ती मात्र संसार सोडून जात नाहीं. विद्यार्थिमित्रहो, जिजाईस पाहतांना घरीं राबणाऱ्या माउलीचे कष्ट ध्यानीं आले, तर तो वेळ व्यर्थ गेला असें कोण म्हणेल?