दिवाणखाना आणि माजघर

दिवाळीत आमच्या घरी एक छोटेसे नाटक दरवर्षी होते. शेजारच्या घरून फराळाचे ताट येते. दिवाणखान्यात सौ. तोंड भरून म्हणते, "काय खुसखुशीत झाल्या आहेत हो चकल्या!" ताट माजघरात गेले, की तीच मला हळूच सांगते, "मोहन जरा कमीच पडलंय." या दोन वाक्यांवर आमचा शेजारधर्म सुखाने चालला आहे. कोणाचे काही बिघडत नाही.

परंतु सरकारेही दिवाणखान्यात एक आणि माजघरात दुसरे बोलू लागली, की प्रकरण चकलीवर थांबत नाही. दहशतवादाशी लढण्याच्या बाबतीत तर नाहीच नाही.

येमेनची गोष्ट पाहा. १७ डिसेंबर २००९ रोजी तिथल्या अब्यान प्रांतातील अल-मजला या वस्तीवर हल्ला झाला. आमच्या फौजांनी अल-कायदाचा तळ उडवला, असे येमेन सरकारने जाहीर केले. त्यांच्याच संसदेच्या चौकशी समितीने पुढे मोजदाद केली, तेव्हा मृतांत ४१ स्थानिक रहिवासी निघाले; त्यांत १४ स्त्रिया आणि २१ मुले. क्षेपणास्त्र अमेरिकेचे होते! २ जानेवारी २०१० रोजी येमेनचे अध्यक्ष अली अब्दुल्ला सालेह अमेरिकन सेनापती डेव्हिड पेट्रेअस यांना म्हणाले, की बाँब तुमचे नसून आमचे आहेत, असेच आम्ही सांगत राहू. उपपंतप्रधान रशाद अल-अलीमी यांनी थट्टेने पुस्ती जोडली, की आपण नुकतेच संसदेत तसे खोटे सांगून आलो आहोत. हे संभाषण अमेरिकन वकिलातीने वॉशिंग्टनला तारेने कळवले. २०१० च्या अखेरीस विकिलीक्सने असल्या गुप्त तारा चव्हाट्यावर आणल्या, म्हणून ते आपल्या कानी आले.

पाकिस्तानचा मासला याहून जवळचा. सरहद्दीवरच्या टोळीवाल्यांच्या मुलखात अमेरिकेची ड्रोन विमाने हल्ले करीत आणि पाकिस्तान सरकार जाहीरपणे संताप व्यक्त करी. ऑगस्ट २००८ च्या तारेत मात्र पंतप्रधान युसूफ रझा गिलानी यांच्या तोंडचे उद्गार आहेत. आशय असा, की नेमकी माणसे टिपली जात असतील तर माझी ना नाही. आम्ही नॅशनल असेंब्लीत निषेध करू आणि मग काणाडोळा करू.

त्यानंतर तीनच महिन्यांनी मुंबईवर हल्ला झाला. जिवंत पकडलेला कसाब आपला नागरिक आहे, हे पाकिस्तान कित्येक आठवडे मान्य करीना. ७ जानेवारी २००९ रोजी त्यांचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार महमूद अली दुर्राणी यांनी ते कबूल केले. त्याच दिवशी गिलानींनी त्यांना घरी बसवले. कारण दिले, की आपल्याला विश्वासात घेतले नाही!

आपण मात्र फार हसू नये. मुंबईतल्या जागांची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली अमेरिकेत पकडला गेला, तेव्हा त्याला आपल्या ताब्यात द्या, अशी इकडे जोराची मागणी होती. डिसेंबर २००९ च्या एका तारेत अमेरिकन राजदूत लिहितात, की भारताचे सुरक्षा सल्लागार एम. के. नारायणन यांच्या सांगण्यानुसार सरकारला प्रयत्न करताना दिसणे भाग आहे, पण तूर्त हेडलीची मागणी करायची नाही. ही एका बाजूने लिहिलेली टिपणी आहे, हे खरे. तरी ज्यांच्या घरची माणसे त्या तीन रात्रींत गेली, त्यांनी ती वाचून काय समजावे?

आमचे एक निवृत्त स्नेही म्हणतात, "अहो, राज्यकारभारात पडदा लागतोच." मान्य. पोलिसांनी सापळा कुठे लावला, हे आधी सांगू नये. पण सापळ्यात निरपराध माणूस सापडल्यावर तो सापळा आमचा नव्हेच, असे म्हणू नये. गुप्तता वेगळी आणि असत्य वेगळे. पहिलीने शत्रू फसतो; दुसऱ्याने आपलीच प्रजा.

आणि हे असत्य राखायला मग खऱ्याचे तोंड बंद करावे लागते. अल-मजलात जाऊन क्षेपणास्त्राचे तुकडे जगाला दाखवणारा येमेनी पत्रकार अब्दुलेला हैदर शाये २०१० मध्ये पकडला गेला. अल-कायदाशी संबंध असल्याच्या आरोपावरून जानेवारी २०११ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. सालेह त्याला माफी देणार, अशी वार्ता येताच खुद्द अध्यक्ष ओबामांनी फोनवर चिंता व्यक्त केली. तो सुटला जुलै २०१३ मध्ये. खोटे सांगितल्याची थट्टा करणारे अल-अलीमी २०२२ मध्ये येमेनच्या अध्यक्षीय मंडळाचे प्रमुख झाले.

अल-मजलातल्या एखाद्या आईने दाद कोणाकडे मागावी? ज्याने बाँब टाकला तो गप्प. ज्याने टाकला नाही तो म्हणतो, आमचाच! अशा वेळी तिच्या दाराशी येऊन "तुझे सरकार तुला फसवते," एवढे एकच खरे वाक्य दहशतवादी बोलला, तरी त्याचे काम झाले. ते वाक्य त्याच्या हाती कोणी दिले?

शेजारणीच्या चकल्यांबद्दल सौ. यंदाही खोटे बोलेल आणि मी मान डोलावीन. पण मंत्रिमहोदय दिवाणखान्यात उभे राहून निषेध करू लागले, की माजघरात काय चालले आहे, हे विचारायला मात्र आपण शिकले पाहिजे.